शांत रस्त्याचा भूगोल : जेर्सच्या टेकड्यांतून सायकलने

फ्रान्स आणि सायकल हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला 'तूर द फ्रान्स' आठवते. १९०३ साली सुरू झालेली ही शर्यत जगप्रसिद्ध आहे. परंतु त्याच देशात सायकलीचा आणखी एक व्यवहार चालतो आणि त्याची बातमी वर्तमानपत्रांत येत नाही. पाठीमागे दोन पिशव्या, खिशात नकाशा, दिवसाला चाळीस ते साठ किलोमीटर, कोणाशी स्पर्धा नाही. अशा रीतीने हजारो सामान्य माणसे तेथे खेड्यापाड्यांतून हिंडत असतात. काही महिने तुलूझ शहरात राहण्याचा योग आला, तेव्हा सुटीच्या दिवशी मीही अशी भटकंती केली. शहराच्या पश्चिमेस लागून असलेला जेर्स हा जिल्हा त्या निमित्ताने मला चांगला परिचयाचा झाला.

हे प्रवासवर्णन नव्हे. भूगोलाचा अध्यापक या नात्याने मला एका प्रश्नाची चर्चा करावयाची आहे : शांत रस्ता कोठे सापडतो, आणि तो शांत का असतो? पुष्कळांना वाटते की शांतता ही त्या प्रदेशाला निसर्गाकडून मिळालेली देणगी आहे. माझ्या मते तिची कारणे तीन : भूमीची घडण, रस्त्यांचा कायदा आणि लोकसंख्येचा इतिहास. ही तीन कारणे नकाशावर वाचता आली, तर अनोळखी मुलुखातही आपला रस्ता आपल्याला निवडता येतो. विद्यार्थी मित्रांना प्रात्यक्षिकाच्या तासाला नकाशावाचन कंटाळवाणे वाटते, म्हणून मुद्दाम हे उदाहरण घेतले आहे.

१. भूमीची घडण

फ्रान्स आणि स्पेन यांच्यामध्ये पिरेनीज पर्वताची भिंत आहे. तिच्या उत्तर पायथ्याशी लान्मेझां नावाचे सुमारे सहाशे मीटर उंचीचे पठार आहे. पर्वताची झीज होऊन लाखो वर्षे वाहून आलेला माती, वाळू व चुनखडीचा मऊ थर या भागात पसरला आहे. त्याला भूशास्त्रज्ञ 'मोलास' म्हणतात. या भागातून अनेक लहान नद्या उत्तरेकडे निघतात आणि हाताची बोटे फाकवावीत तशा पंख्याच्या आकारात पसरत जातात. पश्चिमेकडून पूर्वेकडे मोजू लागलो तर जेलीझ, ओझू, ओस, बाईझ, जेर्स, आरात्स, जिमोन आणि साव्ह अशी त्यांची रांग लागते. जिल्ह्याचे नाव जेर्स नदीवरूनच पडले. या सर्व नद्यांचे पाणी शेवटी गारोन नदीला मिळते.

नद्यांनी मऊ थर कापला आणि मध्ये लांबट टेकड्यांच्या धारा उरल्या. दरीच्या तळापासून धारेपर्यंतची चढण शंभर मीटरच्या आसपास, कोठे थोडी कमी, कोठे थोडी जास्त. पर्वत नाही, मैदानही नाही. सूर्यफूल, गहू, द्राक्षमळे आणि मधूनमधून ओकची झाडी यांनी झाकलेला हा लाटांसारखा प्रदेश आहे.

सायकलस्वाराच्या दृष्टीने यातून पहिला नियम निघतो. उत्तर-दक्षिण जाल तर नदीच्या बाजूने सपाट जाल किंवा धारेवरून संथ जाल. पूर्व-पश्चिम जाल तर प्रत्येक नदीगणिक एक उतार आणि एक चढ असा हिशेब चुकता करावा लागेल. नकाशावर दोन गावांमधले अंतर वीस किलोमीटर दिसते, पण मध्ये किती निळ्या रेषा ओलांडाव्या लागतात हे मोजल्याशिवाय दिवसाचा बेत ठरवू नये.

दुसरी गोष्ट अधिक मनोरंजक आहे. येथील दऱ्या दोन्ही बाजूंनी सारख्या नाहीत. नदीच्या डाव्या तीराकडील, म्हणजे पूर्वेकडे तोंड केलेला उतार लांब आणि सौम्य असतो. उजव्या तीराकडील, म्हणजे पश्चिमेकडे तोंड केलेला उतार आखूड आणि खडा असतो. या विषम दऱ्यांच्या उत्पत्तीविषयी भूगोलज्ञांनी पुष्कळ वाद घातला आहे. हिमयुगात जमीन वारंवार गोठून व वितळून माती खाली सरकली आणि पश्चिमी वाऱ्यांमुळे दोन्ही बाजूंवर तिचा परिणाम वेगवेगळा झाला, हे स्पष्टीकरण त्यांत महत्त्वाचे मानले जाते.

याचा व्यावहारिक अर्थ असा. पश्चिमेकडून पूर्वेकडे निघालेल्या सायकलस्वाराला लांब, आरामशीर उतार मिळतात आणि आखूड पण दमवणारे चढ मिळतात. उलट दिशेने येणाऱ्याला लांब, सौम्य चढ आणि आखूड, ब्रेक घट्ट धरून उतरावे लागणारे उतार मिळतात. एकच रस्ता, पण जाताना एक आणि येताना दुसरा! त्यात या भागात पश्चिमेचा वारा अधिक; म्हणजे पूर्वेकडे जाताना पाठीवर वारा आणि समोर खडा चढ. मधूनमधून 'ओतां' नावाचा आग्नेयेचा जोरदार वारा सुटतो, तेव्हा हा हिशेब उलटतो.

नियमाला अपवाद असतातच. ओश या जिल्ह्याच्या मुख्य शहराचा जुना भाग जेर्स नदीच्या डाव्या तीरावर उंचावर वसलेला आहे आणि तेथून नदीकडे उतरणारा भव्य दगडी जिना प्रसिद्ध आहे. म्हणून नियम पाठ करून भागत नाही. समोच्च रेषा पाहाव्याच लागतात.

२. थोडेसे गणित

स्वार, सायकल आणि सामान मिळून वजन ९० किलो धरू. ८० मीटर उंची चढायची तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ९० × ९.८ × ८०, म्हणजे सुमारे ७०,५०० जूल कार्य करावे लागते. साधारण प्रकृतीचा विद्यार्थी चढणीसाठी १२० वॅट शक्ती सातत्याने देऊ शकला, तर त्याला यासाठी जवळजवळ दहा मिनिटे लागतील. हीच उंची खड्या बाजूने एका किलोमीटरमध्ये चढली तर उतारमान शेकडा ८ आणि वेग ताशी सहा किलोमीटर. सौम्य बाजूने चार किलोमीटरमध्ये चढली तर उतारमान शेकडा २. उंचीपुरते कार्य तेवढेच, पण कोणत्याही क्षणी पायाला द्यावा लागणारा गुरुत्वाचा जोर चौथाईवर येतो. हवेचा व घर्षणाचा विरोध मात्र जास्त अंतरभर सोसावा लागतो.

आता गिअर पाहू. साध्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील आणि चाकाचा परीघ २.२ मीटर असेल, तर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. ताशी सहा किलोमीटर वेगाला मिनिटाला जेमतेम अठरा-एकोणीस फेऱ्या होतील. एवढ्या संथ फेऱ्यांनी चढावर तोल सांभाळणेही कठीण. पुढे ३० आणि मागे ३० दाते केले तर एका फेरीत एक परीघ, म्हणजे २.२ मीटर. मग त्याच वेगाला मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्या होतात आणि माणूस बसल्या जागी चढ चढून जातो.

हा साधा हिशेब फ्रान्समध्ये लोकांच्या गळी उतरवण्यासाठी एका माणसाने आयुष्य वेचले. पॉल द व्हिव्ही (१८५३-१९३०) हे त्यांचे नाव. 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने ते लिहीत. सेंत-एतिएन येथून १८८७ पासून त्यांनी सायकलवरील नियतकालिक चालवले आणि सामान्य माणसाने गिअरच्या साहाय्याने दूरवर हिंडावे असा प्रचार केला. शर्यतवाल्यांना गिअर म्हणजे कमीपणा वाटे. 'तूर द फ्रान्स'मध्ये साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली. हौशी प्रवासी त्याआधी कितीतरी वर्षे ती वापरीत होते.

३. रस्त्यांचा कायदा

आपल्याकडे राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते ही वर्गवारी १९४३ च्या नागपूर परिषदेत ठरली हे विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच. फ्रान्समध्येही अशी उतरंड आहे. 'आ' अक्षराचे द्रुतगती मार्ग, 'एन' अक्षराचे राष्ट्रीय रस्ते, 'डी' अक्षराचे जिल्हा रस्ते आणि त्याखाली कम्यूनचे रस्ते. कम्यून म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखा घटक. शहर असो वा खेडे, नाव तेच. संपूर्ण देशात रस्त्यांची लांबी दहा लाख किलोमीटरांहून अधिक भरते. त्यांपैकी द्रुतगती आणि राष्ट्रीय मिळून वीस हजारांच्या आसपास, जिल्हा रस्ते पावणेचार लाखांच्या वर आणि उरलेले बहुतेक कम्यूनचे. सायकलस्वाराची खरी संपत्ती म्हणजे या शेवटच्या दोन वर्गांतील किरकोळ रस्ते.

एवढे रस्ते आले कोठून? २१ मे १८३६ रोजी फ्रान्समध्ये गावरस्त्यांचा कायदा झाला. गावाला गावाशी जोडणारे रस्ते राखणे हे कम्यूनचे सक्तीचे कर्तव्य ठरले. पैसा कमी पडल्यास गावकऱ्यांकडून वर्षाकाठी तीन दिवसांपर्यंत अंगमेहनत किंवा तिचे मोल वसूल करण्याची मुभा त्यात होती. बैलगाड्या, गुरे, बाजारकरी आणि शाळकरी मुले यांच्यासाठी हे जाळे विणले गेले. यांतील महत्त्वाचे रस्ते पुढे १९३८ मध्ये जिल्हा रस्त्यांत सामील झाले. पुढे शासनाने आपले रस्तेही जिल्ह्यांकडे सोपवले : १९७२ पासून पन्नास हजार किलोमीटरांहून अधिक आणि २००६ च्या सुमारास आणखी अठरा हजार किलोमीटर.

येथे एक सावधगिरीची सूचना. 'डी' अक्षर दिसले म्हणजे रस्ता शांतच असेल असे मानू नये. जुने राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडे गेले तेव्हा त्यांना बहुधा नवशेच्या घरातील क्रमांक मिळाले. ओशहून कोंदोंकडे जाणारा 'डी ९३०' पूर्वी राष्ट्रीय रस्ता होता. पाटी बदलली म्हणून त्यावरचे ट्रक कमी झाले नाहीत.

यासाठी नकाशाचा रंग पाहावा. मिशेलिन कंपनीचे दोन लक्षांश प्रमाणाचे नकाशे, म्हणजे एका सेंटिमीटरला दोन किलोमीटर, तेथे घरोघरी आढळतात. त्यांवर मोठे रस्ते लाल, मधले पिवळे आणि किरकोळ रस्ते पांढरे दाखवतात. प्रेक्षणीय रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ असते. चढणीवर बाणाची टोके असतात आणि ती चढाच्या दिशेने रोखलेली असतात : एक टोक म्हणजे शेकडा ५ ते ९, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून खडे. सायकलस्वाराने पांढरे रस्ते शोधावेत, पिवळ्यांचा उपयोग करावा आणि लाल फक्त ओलांडावेत, असे थोडक्यात सांगता येईल.

४. लोकसंख्येचा इतिहास

आता तिसरे कारण, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. जेर्सचे क्षेत्रफळ सुमारे ६,२५० चौरस किलोमीटर, आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. १८४६ साली तेथे तीन लाखांहून अधिक माणसे राहत होती. त्यानंतर जननप्रमाण घटले, तरुण माणसे तुलूझ, बोर्दो, पॅरिसकडे गेली, पहिल्या महायुद्धात एक पिढी कापली गेली. ओसाड पडू लागलेल्या शेतांवर १९२० नंतर इटलीतून शेतकरी कुटुंबे आणली गेली, तरी घसरण थांबली नाही. १९९९ च्या गणनेत संख्या सुमारे १ लाख ७२ हजारांवर आली. त्यानंतर थोडी वाढ होऊन ती आता १ लाख ९० हजारांच्या आसपास आहे. चौरस किलोमीटरला तीस माणसे. २०११ च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्यात ही घनता साडेतीनशेच्या वर होती.

परंतु माणसे गेली म्हणून गावे रद्द झाली नाहीत. जिल्ह्यात आजही साडेचारशेहून अधिक कम्यून आहेत. सरासरी चारशे माणसांचे एक कम्यून. त्याला स्वतःचा महापौर, स्वतःची कचेरी, स्वतःचे रस्ते. तीन लाख माणसांच्या पायांसाठी आणि गाड्यांसाठी बांधलेले जाळे आज निम्म्याच्या थोडे वर लोक वापरतात, आणि तेही बहुतेक मोठ्या रस्त्यांवरून मोटारीने जातात. पांढऱ्या रस्त्यावर अर्धा-अर्धा तास वाहन दिसत नाही त्याचे कारण हे आहे.

एका दुपारी ओझू नदीच्या खोऱ्यातील एका खेड्यात मी पाण्यासाठी थांबलो. दार उघडलेल्या वृद्ध बाईंनी बाटली भरून दिली आणि कोठला, कोठे चाललास अशी चौकशी केली. तुमचे रस्ते फार शांत आहेत, असे मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "शांत आहेत खरे. मी लहान असताना या वेळेला शाळा सुटायची आणि सगळा रस्ता मुलांनी भरून जायचा. आता ती शाळा कोणीतरी सुटीत राहायला विकत घेतली आहे." समोरची इमारत त्यांनी हाताने दाखवली. भिंतीवर 'मुलांची शाळा' ही कोरलेली अक्षरे तशीच होती.

मला जी शांतता हवीशी वाटत होती तिची किंमत त्या गावाने दिली होती. जवळची पावाची भट्टी बंद झाली की म्हातारपणी दहा किलोमीटर गाडी हाकावी लागते; डॉक्टर निवृत्त झाला की त्याच्या जागी दुसरा येत नाही. करदाते कमी आणि रस्ते तेवढेच, म्हणून डांबर टिकवणे हीदेखील जिल्ह्याला चिंता होऊन बसते. हिंडणाऱ्याने हे विसरू नये. त्याने निदान गावात उरलेल्या दुकानातून पाव घ्यावा, चहा-कॉफी तेथेच प्यावी आणि मुक्काम मोठ्या शहराऐवजी खेड्यात करावा. ही दया नव्हे. ज्या व्यवस्थेवर आपण चालतो तिचा थोडासा वाटा उचलणे आहे.

५. दोन मार्ग

वरील विवेचन प्रत्यक्ष कसे उपयोगी पडते ते पाहण्यासाठी दोन मार्ग घेऊ.

पहिला मार्ग सोपा. बाईझ नदीवरील कोंदों हे बाजारगाव केंद्र धरावे. तेथून पश्चिमेस पाच-सहा किलोमीटरांवर लारेसेंग्ल हे तटबंदीचे चिमुकले गाव आहे. पुढे मोंरेआल, मग ओझू नदीच्या काठाने उत्तरेस फूर्सेस आणि तेथून परत कोंदों. एकंदर पस्तीस ते चाळीस किलोमीटर. फूर्सेस हे मध्ययुगीन गाव वर्तुळाकार चौकाभोवती वसलेले आहे. मोंरेआल ते फूर्सेस हा तुकडा दरीच्या तळाचा, म्हणून सपाट. ओझू खोऱ्यात मोठे शहर नाही, त्यामुळे लाल रस्ताही त्या काठाने जात नाही. सपाट आणि शांत हे दोन्ही गुण एकत्र हवे असतील तर अशी लहान, शहर नसलेली नदी शोधावी. बाईझ आणि जेर्स यांच्या काठाने शहरे आहेत, म्हणून वाहतूकही आहे.

दुसरा मार्ग कोंदोंहून पूर्वेस लेक्तूरपर्यंत. थेट मोठ्या रस्त्याने न जाता थोडे उत्तरेकडून ला रोम्यू या गावावरून जावे. येथील चौदाव्या शतकातील चर्चचे मनोरे दुरून दिसतात आणि दिशा दाखवतात. स्पेनकडे पायी जाणाऱ्या यात्रेकरूंची जुनी वाटही याच गावांतून जाते, मात्र ते उलट, पश्चिमेकडे चाललेले असतात. या मार्गावर विषम दऱ्यांचा नियम पायांना कळतो. कोंदों सोडताच खडा चढ, मग लांब उतार, पुन्हा लहान ओढ्यापलीकडे चढ, आणि शेवटी जेर्स नदी ओलांडून उजव्या तीरावरच्या उंच धारेवर वसलेले लेक्तूर. शेवटचा चढ दमवतो. हवा स्वच्छ असेल तर वरून दक्षिणेला पिरेनीजची पांढरी रांग दिसते.

काही व्यावहारिक गोष्टी. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते. मग तो शेतातून आलेला ट्रॅक्टर का असेना. गावाबाहेर सायकलला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर ठेवावे असा कायदा आहे. रात्री किंवा अंधूक प्रकाशात गावाबाहेर चकाकणारे जाकीट घालणे सायकलस्वाराला सक्तीचे आहे. खेड्यांतील दुकाने दुपारी बंद असतात, म्हणून खाणे सकाळीच घ्यावे. पाणी संपले तर गावाच्या दफनभूमीत बहुधा नळ असतो, हे तेथील जुन्या सायकलस्वारांकडून मी शिकलो.

स्वाध्याय

विद्यार्थी मित्रांनो, फ्रान्सला जाण्याची संधी सर्वांना मिळेल असे नाही. त्यासाठी अडूनही नाही. भूगोल विभागात भारतीय सर्वेक्षण खात्याचे स्थलदर्शक नकाशे आहेत. आपल्या तालुक्याचा नकाशा घ्या आणि दोन गावे निवडा. त्यांमध्ये किती ओढे ओलांडावे लागतात ते मोजा. समोच्च रेषांवरून छेद काढून कोणती बाजू खडी आहे ते पाहा. मुख्य रस्ता सोडून जाणारी दुसरी वाट आहे काय, ती कोणाच्या ताब्यात आहे आणि कोणासाठी बांधली गेली, याची चौकशी करा. मग सायकल काढा आणि छेद बरोबर होता की नाही ते पायांनी तपासा. वाटेत एखादा रस्ता फारच शांत वाटला, तर तेथील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा की येथून पूर्वी कोण जात असे. त्यांचे उत्तर प्रात्यक्षिकाच्या वहीत लिहून आणावे. छेदाइतकेच गुण मी त्याला देईन.